आयल रॉयल : कललेल्या लाव्हाथरांच्या बेटावरील मुक्काम

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या वायव्य भागात आयल रॉयल हे सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १४ किलोमीटर रुंद बेट आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडते. मात्र त्याला मिशिगनपेक्षा कॅनडाचा आणि मिनेसोटा राज्याचा किनारा अधिक जवळ आहे. मुख्य बेटाभोवती लहानमोठी चारशेहून अधिक बेटे विखुरलेली असून हा सारा द्वीपसमूह आणि भोवतालचे पाणी मिळून आयल रॉयल राष्ट्रीय उद्यान बनले आहे. बेटावर मोटारीचा रस्ता नाही, गाव नाही, कायमची वस्तीही नाही. दोन टोकांच्या बंदरांतील मोजक्या निवासखोल्या सोडल्या, तर येथे रात्र काढायची म्हणजे पाठीवरील तंबू हेच घर.

अमेरिकेतील प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानांना वर्षाकाठी लाखो लोक भेट देतात. आयल रॉयलला येणाऱ्यांची संख्या साधारण २५ ते ३० हजारांच्या घरात राहते. परंतु जो येतो, तो बहुधा काही दिवस राहण्यासाठीच येतो. वाट कोणत्या दिशेने धावते, पाणी कोठे मिळते, तंबू कोठे उभा राहतो, या मुक्कामातील बहुतेक गोष्टी बेटाच्या दगडाने ठरवून दिल्या आहेत. त्यामुळे आयल रॉयलवरील मुक्काम समजून घ्यायचा, तर आधी त्याचा दगड समजून घ्यावा लागतो.

सरोवर की समुद्र?

सुपीरियर हे पृष्ठफळाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सुमारे बावीस पट आहे. त्याची सर्वाधिक खोली ४०६ मीटर आहे. वादळात येथे समुद्रासारख्या लाटा उसळतात, दाट धुके उतरते आणि पाणी ऐन उन्हाळ्यातही बोचरे थंड असते. बेटाभोवतीच्या पाण्याखालील खडकांवर आदळून किंवा वादळात सापडून अनेक जहाजे बुडाली आहेत. १८८५ मध्ये फुटलेले ‘अल्गोमा’ आणि १९२८ मध्ये बुडालेले ‘अमेरिका’ ही त्यांतील परिचित नावे.

या सरोवरातील सर्वांत मोठे बेट आयल रॉयल. त्या बेटावरील सर्वांत मोठे तळे सिस्किविट. आणि त्या तळ्यातील सर्वांत मोठे बेट म्हणजे रायन आयलंड. सरोवरात बेट, बेटात तळे आणि तळ्यात पुन्हा बेट, अशी ही मांडणी नकाशा पाहणाऱ्यांच्या कौतुकाचा विषय आहे.

एकशे दहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस

आयल रॉयलच्या कातळाचा जन्म सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी उत्तर अमेरिका खंडाचा मध्यभाग ताणला जाऊन फाटू लागला आणि तेथे एक प्रचंड खचदरी तयार झाली. भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडत राहिला आणि थरावर थर साचत गेले. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात नद्यांनी वाहून आणलेली वाळू आणि गोटे या थरांवर पसरले. पुढच्या लाव्ह्याने त्यांना झाकून टाकले. खंड पूर्णपणे दुभंगण्यापूर्वीच ही प्रक्रिया थांबली. तसे झाले नसते, तर आज त्या ठिकाणी महासागर असता.

लाव्ह्याचे हे थर म्हणजे बेसॉल्ट. महाराष्ट्र, माळवा आणि बेळगावचा परिसर येथील वाचकांना हा काळा पाषाण परका नाही. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग याच जातीच्या खडकाचा आहे आणि गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात त्याची सीमा येऊन टेकते. फरक आहे तो वयाचा आणि ठेवणीचा. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आयल रॉयलच्या तुलनेत अगदी अलीकडचा. शिवाय सह्याद्रीत हे थर बहुतांशी आडवे राहिले, म्हणून तेथील डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकाला लावला जाणारा ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आला आहे.

आयल रॉयलवर मात्र थर आडवे राहिले नाहीत. साचलेल्या लाव्ह्याच्या भाराने खचदरीचा मध्यभाग खाली बसत गेला आणि कडा वर राहिल्या. परिणामी सारे थर एखाद्या लांबट परातीच्या आकाराने वाकले. भूशास्त्रात अशा रचनेला अभिनती म्हणतात. परातीच्या खोलगट भागात आज सुपीरियर सरोवराचे पाणी आहे. तिचा उत्तरेकडील काठ म्हणजे आयल रॉयल, आणि सरोवरापलीकडे ८० ते ९० किलोमीटरवर असलेला मिशिगनचा किविनॉ द्वीपकल्प हा दक्षिणेकडील काठ. आयल रॉयलवरील थर आग्नेयेकडे कलून पाण्याखाली जातात, तर किविनॉमधील थर वायव्येकडे कललेले आहेत.

ग्रीनस्टोन धार

फळीवर एका बाजूला कललेल्या पुस्तकांची रांग डोळ्यांपुढे आणली, म्हणजे आयल रॉयलची रचना ध्यानात येते. प्रत्येक पुस्तक म्हणजे लाव्ह्याचा वा गाळाचा एक थर. टणक थर टिकून राहिले आणि त्यांच्या डोंगरधारा झाल्या. मऊ थर झिजले आणि तेथे दऱ्या, दलदली व तळी तयार झाली. त्यामुळे बेटावरील साऱ्या धारा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे एकमेकींना समांतर धावतात. प्रत्येक धारेची वायव्येकडील बाजू कड्यासारखी उभी, तर आग्नेयेकडील बाजू सौम्य उताराची असते. बेटाच्या ईशान्य टोकाला याच धारा हाताच्या बोटांप्रमाणे सरोवरात शिरतात आणि त्यांच्यामध्ये लांबट, चिंचोळी बंदरे तयार होतात.

या धारांमधील मुख्य धार ‘ग्रीनस्टोन रिज’ या नावाने ओळखली जाते. ती ज्या लाव्हाथराची बनली आहे, त्याची जाडी काही ठिकाणी सुमारे २४० मीटर भरते. दख्खनमधील एकेक थर बहुधा काही मीटर ते काही दहा मीटर जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराचे वेगळेपण कळते. इतका जाड थर आतून अतिशय सावकाश निवला. त्यामुळे त्यातील स्फटिकांना वाढण्यास वेळ मिळाला आणि खडक झिजेला दाद न देणारा झाला. हाच थर सरोवराच्या तळाखालून जाऊन किविनॉ द्वीपकल्पात पुन्हा वर येतो. बेटाचे सर्वोच्च शिखर माउंट डीझॉर याच धारेवर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ४२५ मीटर, तर सरोवराच्या पातळीपासून सुमारे २४० मीटर आहे.

बर्फाने केलेले कोरीवकाम

आजचे रूप बेटाला दिले ते हिमयुगाने. हजारो फूट जाडीच्या बर्फाने हा प्रदेश वारंवार झाकला गेला. सरकत्या बर्फाने मऊ थर खरवडून काढले, तळ्यांचे खळगे खोल केले आणि उघडे कातळ घासून गुळगुळीत केले. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला आणि बेट पाण्याबाहेर आले. त्या वेळी सरोवराची पातळी आजच्यापेक्षा बरीच उंच होती. म्हणूनच आजच्या किनाऱ्यापासून दूर, उंचावर, जुन्या किनाऱ्यांच्या खुणा आढळतात. लाटांनी कोरलेला ‘मॉन्युमेंट रॉक’ हा सुळका आज झाडीत उभा आहे, तो याच कारणाने.

बर्फाने जाताना माती सारखी वाटली नाही. बेटाच्या नैर्ऋत्य भागात गाळ-गोट्यांचा जाड थर राहिला; तेथे मेपल आणि बर्चची दाट वने वाढली. ईशान्य भागात मात्र कातळावर जेमतेम मातीचा पापुद्रा आहे आणि त्यावर स्प्रूस व फर यांची सूचिपर्णी झाडे तग धरून आहेत. हा पापुद्रा तयार होण्यास हजारो वर्षे लागली आहेत. वाट सोडून चालणाऱ्यांच्या बुटांखाली तो थोड्याच काळात निघून जातो. नेमलेल्या वाटा आणि नेमलेले तळ यांबाबत उद्यानाचे नियम कडक का आहेत, याचे उत्तर येथे मिळते.

तांब्याचे खड्डे

लाव्हा निवताना त्यातील वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. पुढे उष्ण पाण्याबरोबर आलेली खनिजे या पोकळ्यांत साचतात. अशा भरलेल्या पोकळ्यांच्या इंग्रजी नावाच्या मुळाशी बदाम या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये अशा पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. आयल रॉयल आणि किविनॉ येथील खडकांत मात्र पोकळ्यांत आणि भेगांत चक्क तांबे साचले. तेही धातुकाच्या रूपात नसून शुद्ध धातूच्या रूपात.

या तांब्याचा शोध मूळ रहिवाशांना फार पूर्वी लागला होता. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपासून येथे तांबे काढले जात होते. किनाऱ्यावरील गोल, टणक गोट्यांचे हातोडे करून खडक फोडला जाई. त्या काळचे हजारांहून अधिक खड्डे बेटावर आढळले आहेत. सुपीरियर परिसरातील तांब्याच्या वस्तू व्यापारातून उत्तर अमेरिकेत दूरदूरपर्यंत पोहोचल्या. ओजिब्वे लोक या बेटाला ‘मिनॉंग’ म्हणतात. त्यांच्यासाठी ही पूर्वजांची भूमी आहे आणि मिनेसोटातील ग्रँड पोर्टेज येथील ओजिब्वे समाजाचे बेटाशी असलेले नाते आजही जिवंत आहे.

१८४० च्या दशकात गोऱ्या खाणमालकांची दृष्टी येथे वळली. तांब्याच्या शिरा उघड्या पाडण्यासाठी त्यांनी जंगले जाळली, बोगदे खणले, वसाहती उभारल्या. तथापि साठे अपुरे, हवामान कठोर आणि माल किनाऱ्यावर नेणे महागाचे. तीन वेगवेगळ्या काळांत प्रयत्न झाले आणि १८९३ मध्ये शेवटचा प्रयत्नही सोडून देण्यात आला. मकार्गो कोव्ह या खाडीजवळ मिनॉंग खाणीचे अवशेष पाहता येतात. तेथे प्राचीन खड्डे आणि एकोणिसाव्या शतकातील खाणकाम शेजारी शेजारी आहे.

वाट, पाणी आणि तंबू

बेटावर सुमारे २६५ किलोमीटर लांबीच्या पायवाटा आणि ३६ नेमलेले तळ आहेत. पूर्वेकडील रॉक हार्बर आणि पश्चिमेकडील विंडिगो ही प्रवेशाची दोन बंदरे. या दोहोंना जोडणारी ग्रीनस्टोन धारेवरची वाट सुमारे ६५ किलोमीटरची असून बहुतेक जण ती चार-पाच दिवसांत पूर्ण करतात. तिला समांतर असलेली मिनॉंग धारेवरची वाट लांबीने कमी, परंतु अधिक खडतर मानली जाते.

दगडाची रचना चालणाऱ्याला लगेच जाणवते. धारेच्या लांबीने चालताना चढउतार सौम्य लागतात. तीच धार आडवी ओलांडायची झाली, की एका बाजूने उभा चढ, दुसऱ्या बाजूने लांब उतार, तळाशी दलदलीवर टाकलेल्या फळ्या आणि लगेच पुढची धार, असा क्रम सुरू होतो. नकाशावर चार बोटे दिसणारे अंतर त्यामुळे अर्धा दिवस घेते.

धारेच्या माथ्यावर पाणी नसते. म्हणूनच या वाटेवरील चिकनबोन, हॅचेट आणि डीझॉर हे तळ माथ्यावर नसून बाजूला उतरून तळ्यांच्या काठी आहेत. दिवसभराचे पाणी सकाळीच भरून घ्यावे लागते. सरोवराकाठच्या बऱ्याच तळांवर लाकडी निवारे आहेत. त्यांच्या तीन बाजू फळ्यांच्या आणि समोरची बाजू डास अडवणाऱ्या जाळीची असते. आतील तळांवर तंबूच लावावा लागतो. सहा जणांपर्यंतच्या गटाला तळावर आगाऊ जागा राखून ठेवता येत नाही. जो आधी पोहोचेल त्याला जागा मिळते. सात ते दहा जणांच्या गटाला मात्र आधीच आरक्षण करावे लागते. परवाना सर्वांनाच आवश्यक आहे आणि एका तळावर सलग किती रात्री राहता येईल, याला मर्यादा आहे.

तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते तसेच पिता येत नाही. लांडगा आणि मूस यांच्यामार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीची अंडी त्यात असू शकतात आणि क्लोरीनच्या गोळ्यांनी ती मरत नाहीत. पाणी उकळणे किंवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळणे हाच उपाय. उन्हाळ्यात काही तळ्यांत विषारी नील-हरित शेवाळ वाढते. ते पाणी गाळून वा उकळूनही निर्धोक होत नाही, तेव्हा तेथील पाणी टाळावे लागते. बहुतेक तळांवर लाकडाच्या शेकोटीला मनाई असल्याने स्वयंपाक छोट्या स्टोव्हवर करावा लागतो. सारा कचरा पाठीवरून परत न्यायचा असतो. बेटावर अस्वले नाहीत; परंतु कोल्हे आणि खारी अन्नाची पिशवी पळवण्यात तरबेज आहेत. जून-जुलैमध्ये डास आणि काळ्या माश्यांचा उपद्रव असतो.

खरा धोका एकटेपणाचा आहे. मोबाइल फोन बेटावर बहुतांशी चालत नाहीत. पाय मुरगळला किंवा अंग गारठले, तर मदत पोहोचण्यास वेळ लागतो. वादळ वा धुके असेल तर बोट आणि विमान दोन्ही थांबतात. परतीची बोट एखाद-दुसरा दिवस उशिरा निघणे येथे नवलाचे नाही. म्हणून शिधा नेहमी एका दिवसाचा जादा घ्यावा, असे सांगितले जाते. किनाऱ्यालगतचा ओला कातळ अत्यंत निसरडा असतो आणि त्याखालचे पाणी काही मिनिटांत हातपाय बधिर करणारे असते.

लांडगे, मूस आणि एक विषाणू

आयल रॉयलचे नाव जीवशास्त्राच्या अभ्यासात अजरामर झाले, ते लांडगे आणि मूस यांच्यामुळे. मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर. ते विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या सुमारास बेटावर पोहोचले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सरोवर गोठले असता लांडगे बर्फावरून चालत आले. १९५८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे ड्युरवर्ड अॅलन यांनी या दोहोंच्या परस्परसंबंधांचा अभ्यास सुरू केला. पुढे मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाने तो चालू ठेवला. शिकारी आणि शिकार यांच्यावरील इतका दीर्घ सलग अभ्यास जगात अन्यत्र झालेला नाही.

१९८० मध्ये बेटावर ५० लांडगे होते. दोनच वर्षांत ही संख्या १४ वर आली. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची लागण त्यांना झाली होती, आणि हा विषाणू माणसांबरोबर, बहुधा कोणी आणलेल्या कुत्र्याबरोबर, बेटावर आला, असे अभ्यासक मानतात. त्यानंतर कळप पूर्णपणे सावरला नाही. उरलेल्या थोड्या लांडग्यांत आपसांतच प्रजनन होत राहिल्याने शारीरिक दोष वाढले. १९९७ मध्ये बर्फावरून आलेल्या एका नराने नवे रक्त आणले, पण त्याचाही प्रभाव ओसरला. पूर्वी गोठणारे सरोवर आता अनेक हिवाळ्यांत बेटापर्यंत गोठत नाही. त्यामुळे नवे लांडगे येण्याची वाटही बंद होत गेली. २०१६ पर्यंत केवळ दोन लांडगे उरले. इकडे मूस दोन हजारांवर गेले आणि फरची कोवळी झाडे फस्त होऊ लागली.

अखेर २०१८ आणि २०१९ मध्ये १९ लांडगे बाहेरून आणून सोडण्यात आले. निसर्गात हस्तक्षेप करावा की नाही, यावर त्याआधी अनेक वर्षे वाद झाला. २०२४ च्या गणनेत ३० लांडगे आणि सुमारे ८४० मूस आढळले. उद्यानात पाळीव कुत्र्यांना आजही मज्जाव आहे. बोटीवर चढताना बुटांचे तळ ब्रशने साफ करण्यास सांगितले जाते, कारण तळाला चिकटलेले परके बीजही बेटावर रुजू शकते. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला हे नियम जाचक वाटू शकतात. परंतु एका चुकीची किंमत या बेटाने जवळजवळ चार दशके मोजली आहे.

हिरवे खडे

बेटाच्या किनाऱ्यावर कधी कधी गर्द हिरव्या रंगाचे, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेले बारीक खडे दिसतात. हे क्लोरॅस्ट्रोलाइट, मिशिगनने त्याला आपले राज्यरत्न म्हणून मान दिला आहे. लाव्ह्यातील पोकळ्यांत तयार झालेली ही खनिजे खडक झिजल्यावर सुटी होतात. ती पाहण्यास मुभा आहे, उचलून नेण्यास बंदी. मूसचे गळून पडलेले शिंग, प्राचीन हातोड्याचा गोटा, तांब्याचा तुकडा यांनाही हाच नियम लागू आहे. खड्ड्याशेजारी पडलेला गोटा तेथेच राहिला, तर तो कोणी, कसा वापरला हे अभ्यासकाला सांगता येते. दिवाणखान्यातील कपाटात गेलेला गोटा काहीच सांगत नाही.

हिवाळ्यात, १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात, हे राष्ट्रीय उद्यान पूर्णपणे बंद असते. साडेपाच महिने बेटावर पाहुण्याचे पाऊल पडत नाही. त्या काळात पायवाटा बर्फाखाली जातात आणि तळांवरील जमिनीला विसावा मिळतो.

दृष्टिक्षेपात आयल रॉयल

- स्थान : सुपीरियर सरोवर, मिशिगन राज्य, अमेरिका
- मुख्य खडक : बेसॉल्ट, वय सुमारे ११० कोटी वर्षे
- सर्वोच्च ठिकाण : माउंट डीझॉर, ४२५ मीटर
- राष्ट्रीय उद्यान : १९३१ मध्ये मंजुरी, १९४० मध्ये स्थापना, १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा
- जाण्याचा मार्ग : मिशिगनमधील होटन व कॉपर हार्बर आणि मिनेसोटातील ग्रँड पोर्टेज येथून बोट, ठरावीक ठिकाणांहून पाण्यावर उतरणारे विमान
- खुला काळ : १६ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर
- मुक्काम : ३६ तळ, परवाना आवश्यक, पाळीव प्राण्यांना बंदी